साहेबांचं कुटुंब

मैत्रिणींनो, ‘आपण सगळे एक कुटुंब’ असं ज्या कचेरीतले साहेब म्हणतात, तिथे सावध राहा. कुटुंबात राबायचं कुणी आणि गप्प बसायचं कुणी, हे आपल्याला पाठ आहे. आमच्याकडे पाहुण्यांचा चहा, निरोपसमारंभाची वर्गणी बायकांकडे. साहेबांचा पारा चढला की बोलणी खायलाही आम्हीच. सहाला पर्स उचलली की ‘हाफ डे का?’ आणि या विनोदावर हसायचंही! (जेवणाच्या सुट्टीत फायली उपसतो, ते कोण मोजतं?)

तक्रार करा, म्हणतात. कुठे? भंवरीदेवीवरच्या अत्याचारानंतर बायका कोर्टात गेल्या, १९९७ साली विशाखा निकाल मिळवला, २०१३ साली कायदा झाला. १० माणसांच्या कचेरीतही समिती सक्तीची झाली. पण ती लैंगिक छळापुरती. चारचौघांतला रोजचा पाणउतारा, मुद्दाम अडवलेली रजा यांना तिथे दाद नाही. शिवाय समिती नेमणार मालकच.

५० कामगार असले की पाळणाघर हवं, असं २०१७ पासून कायदा सांगतो. आम्ही ६२ आहोत. जागा नाही म्हणाले, आणि दिवाळीत साहेबांची केबिन वाढवली. येत्या सोमवारी आम्ही सातजणी लेखी मागणी देतोय, पोच घेऊन.