‘इन माय स्किन’वरील आक्षेप आणि त्यांचे उत्तर

कार्डिफमधल्या एका वेल्श कुटुंबाची ‘इन माय स्किन’ ही मालिका बीबीसीवर अवघे दहा भाग चालली. तिचा प्रायोगिक भाग 2018 मध्ये दाखवला गेला आणि दुसरे पर्व 2021 मध्ये संपले. लेखिका केली लुवेलिन यांनी ती स्वतःच्या किशोरवयावर बेतली. बेथन ही शाळकरी मुलगी, आई ट्रीनाला बायपोलर विकार, बाप डिल्विन दारुडा आणि घरावर त्याची दहशत.

अशा घराला विनोदी नाट्य म्हणणे हाच मुळात आजाराचा उपहास, असा आक्षेप सहज घेतला जातो. तो टिकत नाही. मालिकेत हसू नेमके कशाचे येते, हे आधी पाहायला हवे. बेथन शाळेच्या गणवेशातच मनोरुग्णालयात जाऊन आईला भेटते आणि मैत्रिणींपुढे मात्र सुखवस्तू, नीटनेटक्या घराच्या थापा मारते. प्रेक्षक हसतो तो या थापांना, शाळेतल्या वात्रट गप्पांना आणि ट्रीनाच्या स्वतःच्या खट्याळपणाला. तिच्या झटक्यांना कोणी हसत नाही. तिथे गळाच दाटून येतो. आजारी माणूस चोवीस तास आजारीच असतो असे दाखवणे, हाच खरा अन्याय ठरला असता. ट्रीना आधी प्रेमळ आई आहे, रुग्ण नंतर. विनोद वगळला तर तिचे हे आईपण दिसणारच नाही.

बेथनच्या खोटेपणाला मालिका पाठीशी घालते, हेही खरे नाही. प्रत्येक थापेची किंमत बेथन मोजते. आईची काळजी वाहणाऱ्या मुलाला लाज आणि भीती कशी गप्प बसवते, ते इथे उपदेशाविना कळते.

पात्रे इंग्रजी बोलतात म्हणून ही वेल्श मालिकाच नव्हे, हा आक्षेप तर फारच उथळ. 2021 च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलता येणारे 17.8 टक्केच भरले. कार्डिफचे इंग्रजी बोलणारे घरही वेल्शच.

राहिला अल्पायुष्याचा मुद्दा. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर कमी भाग म्हणजे अपयश असे समीकरण कधीच नव्हते. ‘फॉल्टी टॉवर्स’ या गाजलेल्या विनोदी मालिकेचे भाग बाराच. इथे तर कथेचा कणा म्हणजे एक लपवलेले घर. ते उघडे पडले आणि मायलेकींसमोर डिल्विनपासून सुटण्याचा प्रश्न उभा राहिला की सांगण्यासारखे फार उरत नाही. पुढची पर्वे काढायची तर ट्रीनाला पुन्हा पुन्हा आजारी पाडावे लागले असते, आणि पहिला आक्षेप तेव्हा खरा ठरला असता. सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचे बाफ्टा पारितोषिक ‘इन माय स्किन’ला 2022 मध्ये मिळाले, शेवटचा भाग दाखवून झाल्यानंतर.