सायक्लोस्टाईल गेले, कागद जाऊ नये



सायक्लोस्टाईलचे यंत्र जुन्या मंडळींना आठवत असेल. मेणाच्या स्टेन्सिलवर रिबन न लावता टाईप करायचे. अक्षराच्या जागचे मेण सरके. स्टेन्सिल रुळावर चढवून हँडल फिरवले, की तेथून शाई कागदावर उतरे. लंडनच्या डेव्हिड गेस्टेटनर यांनी १८८१ साली बारीक चाकाच्या लेखणीचे पेटंट घेतले, त्यावरून हे नाव पडले. विजेवाचून चालणाऱ्या अशा यंत्रांवर १९७५ च्या आणीबाणीत भूमिगत पत्रके निघाली.

या यंत्राचा एक गुण मोठा. संचालकाच्या हाती जी प्रत, तीच बांधावरच्या सभासदाच्या हाती.

आता सूचना मोबाईलवर येते. वेळ नि खर्च वाचतो, हे आम्हांला मान्य. पण ताळेबंद नि ऊसबिलातील कपाती त्या एवढ्याशा पडद्यावर कोण वाचणार? शेअर म्हाताऱ्याच्या नावावर, फोन पोराच्या खिशात! मग सभेत 'मंजूर, मंजूर' म्हणायचे नि घरी येऊन कुरकुरायचे, हे बरे नव्हे.

यंत्र भंगारात गेले, त्याचे दुःख नको. मात्र ताळेबंद व कपातींचा तक्ता ठळक मराठीत छापून सभेआधी प्रत्येक गट कार्यालयाच्या फळ्यावर लागावा, मागेल त्याला प्रत मिळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि सभासदांनीही ती मागून घेऊन वाचावी. न वाचता मंजूर केलेल्या कपातीची तक्रार मग कोणाकडे करणार?