न पाहिलेल्या प्राण्याचे चित्र

नव्या विद्यांची ओळख

घरातील एखादे मूल वहीच्या मागल्या पानांवर पंखांचे सिंह, तीन डोळ्यांचे मासे आणि राक्षसांच्या गदा काढीत बसले म्हणजे वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात बहुधा दोन विचार येतात. पहिला कौतुकाचा, तो फार वेळ टिकत नाही. दुसरा असा की, अभ्यास सोडून चाललेल्या या उद्योगातून पुढे पोट भरणार आहे काय? कौतुकाने मूल शेफारते, आणि टोमण्याने हिरमुसते. त्याने काढले आहे तरी काय, हे नीट पाहावयाचे मात्र दोन्ही पक्षी राहूनच जाते. वस्तुतः या पंखांच्या सिंहांमागे आज एक स्वतंत्र विद्या व एक रीतसर व्यवसाय उभा आहे. त्या विद्येचा पाया कोणता आणि घरच्या घरी तो कसा घालता येईल, याचा विचार या वेळी करावयाचा आहे.

अद्भुत कथांचे चित्रपट, ॲनिमेशनपट आणि संगणकावरील खेळ यांत जे जे म्हणून दिसते, ते कोणीतरी आधी कागदावर ठरविलेले असते. राजाच्या हातातील दंड, चेटकिणीचा दिवा, अरण्यातील सहा पायांचे जनावर ही सर्व प्रथम एका चित्रकाराच्या हातून उतरतात. त्याला ‘कन्सेप्ट आर्टिस्ट’ असे म्हणतात; आपण सोयीसाठी कल्पनाचित्रकार म्हणू. त्याचे चित्र दिवाणखान्यात टांगण्यासाठी नसते. घर बांधताना गवंड्यापुढे नकाशा असावा, तसे ते असते. कथेची गरज समजून घेऊन तो प्रथम टपालाच्या तिकिटाएवढ्या लहान लहान पुष्कळ आकृत्या काढतो, त्याही नुसत्या काळ्या छायेसारख्या. केवळ बाह्यरेषेवरून प्राणी ओळखू येतो की नाही, तो क्रूर वाटतो की गरीब, हे या छायाकृतींतच कळते. त्यांतील एकदोन निवडल्या गेल्या म्हणजे तोच प्राणी पुढून, बाजूने व मागून काढावयाचा. सांधे कोठे, कातडे कोठे सैल, कोठे ताठ, नखे कशाची, हे दाखवावयाचे. पुढे मूर्तिकार किंवा संगणकावर आकार घडविणारा कारागीर त्यावरून काम करतो. अर्थात जे पाहण्यास सुंदर परंतु घडविण्यास अशक्य, असे चित्र या व्यवसायात निरुपयोगी होय.

येथेच एका सार्वत्रिक गैरसमजाची गाठ पडते. कल्पना म्हणजे वस्तुस्थितीकडे पाठ फिरविणे, आणि ज्याला खरा घोडा काढता येत नाही त्याने पंखांचा घोडा काढावा म्हणजे चूक कोणाच्या ध्यानात येणार नाही, असे पुष्कळांस वाटते. हा समज किती उफराटा आहे, हे अमेरिकेतील रे हॅरीहाउसेन या कलावंताच्या चरित्रावरून स्पष्ट होते.

हॅरीहाउसेन यांचा जन्म १९२० साली लॉस एंजेलिस येथे झाला. १९३३ साली ‘किंग काँग’ हा चित्रपट पाहून या मुलाला विलक्षण वेड लागले. पडद्यावरचा तो अजस्र वानर म्हणजे धातूच्या सांगाड्यावर रबर व केस चढविलेली लहानशी बाहुली होती. ती केसभर हलवावयाची, एक छायाचित्र घ्यावयाचे, पुन्हा केसभर हलवावयाची, अशा रीतीने विलिस ओब्रायन या कारागिराने तिला चालते केले होते. मुलाने घरी तसेच प्राणी घडविण्यास आरंभ केला. त्याच्या पहिल्यावहिल्या अस्वलाला कातडे मिळाले ते आईच्या जुन्या फरच्या कोटाचे!

पुढे विद्यार्थिदशेतच त्याने धीर करून खुद्द ओब्रायन यांची भेट घेतली व आपले डायनोसॉर त्यांच्यापुढे मांडले. ओब्रायन यांनी पाहिले, आणि पाठ थोपटण्याऐवजी एका प्राण्याच्या पायांकडे बोट दाखविले. त्या पायांत स्नायू कोठेच नव्हते. ते भरलेल्या पिशव्यांसारखे दिसत होते. प्राण्यांच्या शरीररचनेचा अभ्यास कर, असा त्यांचा स्पष्ट सल्ला पडला. इतक्या आशेने गेलेल्या मुलाला हे बोल कसे लागले असतील, याची कल्पना करता येईल. परंतु तो रुसून बसला नाही. रात्रीच्या वर्गांत जाऊन तो चित्रकला व शरीररचना शिकू लागला. कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झालेला प्राणी, जो कोणीही पाहिलेला नाही, त्याचे पाय चुकले हे जाणत्याला कळते कसे? तर हाड, स्नायू व वजन यांचे नियम जिवंत प्राण्याला लागू, तेच नष्ट झालेल्यालाही लागू, आणि जो कधी नव्हताच त्यालाही लागू. हा एक धडा ज्याला उमगला, त्याला या विद्येचे मर्म सापडले असे समजावे.

ज्यांनी दोष दाखविला त्याच ओब्रायन यांनी पुढे या तरुणाला हाताखाली घेतले. ‘मायटी जो यंग’ (१९४९) या चित्रपटातील वानराच्या हालचालींचे बहुतेक काम हॅरीहाउसेन यांच्याच हातचे आहे. ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’ (१९६३) या चित्रपटात सात हाडांचे सापळे तलवारी उगारून तीन माणसांशी लढतात. पडद्यावर अवघी काही मिनिटे चालणाऱ्या या प्रसंगासाठी त्यांनी चार महिन्यांहून अधिक काळ एकट्याने खपून काम केले. त्याच चित्रपटातील टालोस हा काशाचा राक्षस त्यांनी हेतुपुरस्सर अवघडल्यासारखा चालविला. धातूचा पुतळा माणसासारखा लवचिक चालला, तर तो धातूचा कसा वाटावा?

या चरित्रातील दुसरी गोष्ट कुटुंबवत्सल वाचकांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. हॅरीहाउसेन यांच्या बाहुल्यांचे उखळीच्या सांध्यांचे सांगाडे त्यांचे वडील घडवीत. ते यंत्रकामात निष्णात होते. परीकथांवरील लहान चित्रपटांतील बाहुल्यांचे कपडे आई शिवीत असे. मुलगा मोठा नावाजला तरी वडिलांनी सांगाडे करण्याचे काम अखेरपर्यंत सोडले नाही. आईबापांनी मुलाच्या वेडाची स्तुतिस्तोत्रे गायिली नाहीत व थट्टाही केली नाही. आपापल्या हातची विद्या त्या वेडाच्या कामी लावली. आपल्याकडेही याला जोड आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली, ती रोज थोडे थोडे चित्रण करून. वाढत्या रोपाचा तो चमत्कार पाहूनच पुढील चित्रपटासाठी भांडवलाची वाट मोकळी झाली. त्या खटाटोपात सरस्वतीबाई फिल्म तयार करण्याचे काम शिकून घेऊन पतीच्या बरोबरीने राबल्या. ‘कालियामर्दन’ (१९१९) या चित्रपटातील बाळकृष्ण तर त्यांची कन्या मंदाकिनीच होती.

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळू. प्राण्यांच्या बाबतीत आरंभ हाडांपासून करावा. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हात होय; लांबच लांब बोटांच्या हाडांवर कातडे ताणलेले असते आणि अंगठा मात्र नखासह मोकळा असतो. घोडा एकेका बोटाच्या नखावर उभा असतो. त्याच्या मागल्या पायात उलटा वाकलेला गुडघा म्हणून जो भाग आपण दाखवितो, ती खरोखर त्याची टाच होय. पक्ष्याच्या छातीच्या हाडाला नावेच्या तळासारखी उभी कड असते व उडण्याचे बळकट स्नायू तिला धरून राहतात. एवढे कळले म्हणजे पंखांचा सिंह काढणाऱ्या मुलाला आपोआप प्रश्न पडतो की, हे पंख कोणत्या हाडाला जोडावयाचे? ते हलविणारे स्नायू मावण्यासाठी छाती किती रुंद हवी? असा प्रश्न पडला की त्याचा सिंह पूर्वीपेक्षा अधिक अद्भुत होतो, कारण तो आता उडेल असे वाटू लागते.

आकारमानाचा नियमही असाच महत्त्वाचा आहे. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गॅलिलिओने त्याचे विवेचन केले आहे. एखाद्या प्राण्याची उंची, रुंदी व जाडी ही तिन्ही दुप्पट केली, तर त्याचे वजन आठपट होते. पण हाडाचा छेद चौपटच होतो. म्हणून माणूस नुसता मोठा करून राक्षस होत नाही; त्याची हाडे प्रमाणाबाहेर जाड करावी लागतात, नाहीतर तो स्वतःच्या भाराने मोडेल. हत्तीचे पाय खांबासारखे सरळ व हरणाचे काडीसारखे का, हेही यावरूनच उलगडते.

आपल्या जुन्या शिल्पींना ही जाण होती. जंजिऱ्याच्या महाद्वारावर हत्तींना पंजांत धरलेला जो वाघासारखा काल्पनिक पशू कोरलेला आहे, तो मुलांना दाखवावा. एवढे हत्ती पकडणारा प्राणी आकाराने केवढा असेल, हे शिल्पकाराने अक्षराविना सांगितले आहे. मोठेपणा दाखविण्यासाठी शेजारी माहितीची वस्तू ठेवावी, ही युक्ती आजचा कल्पनाचित्रकारही रोज वापरतो.

वस्तूंच्या अभ्यासासाठी तर आपले स्वयंपाकघर व माजघर ही मोठी शाळाच आहे. अडकित्ता घ्या. त्याचे दोन दांडे एका टोकाशी खिळलेले असतात आणि सुपारी त्या खिळ्याजवळ धरतात, म्हणून थोड्या जोराने कठीण सुपारी फुटते. हात जेथे पडतो तेथे पितळ झिजून उजळलेले असते, सांदीकोपऱ्यांत काळे राहते. विळी पाहा. पाट पायाने दाबला जातो, पाते स्थिर राहते आणि दोन्ही हात भाजी फिरविण्यास मोकळे राहतात. अर्थात वापरणारी व्यक्ती जमिनीवर बसते, तिला पाय आहेत व एक गुडघा ती उभा धरते, हे सर्व त्या विळीच्या आकारात लिहिलेले आहे. आता मुलाला असा प्रश्न घालावा: नागलोकीच्या गृहिणीला पाय नाहीत, तर तिची विळी कशी असेल? पाट ती कशाने दाबील? शेपटीचा वेढा घालण्यासाठी पाटाला खाच लागेल काय? आणि कित्येक वर्षांच्या वापराने ती विळी नेमकी कोठे गुळगुळीत होईल? या प्रश्नांची उत्तरे ज्या चित्रात दिसतात, ते चित्र पाहून नागलोक खरोखर असावा असे वाटू लागते. नुसती नक्षी व हिरेमाणके चढवून ही खात्री पटत नाही.

रोजचा क्रम साधा ठेवावा. अर्धा तास पुरे. पण तो चुकू नये. पहिली दहा मिनिटे समोरची खरी वस्तू किंवा प्राणी काढावा: समई, कुलूप, निजलेले मांजर, भिंतीवरची पाल, गोठ्यातली गाय. पुढील दहा मिनिटे तीच वस्तू न पाहता आठवून काढावी. आपण काय पाहिलेच नव्हते, ते तेव्हा उघडे पडते. उरलेल्या वेळात त्या ज्ञानावरून काहीतरी नवे रचावे. प्रत्येक चित्राखाली तारीख घालावी व कोणतेही चित्र फाडू नये; सहा महिन्यांनी मागे पाहिले म्हणजे प्रगतीची साक्ष दुसऱ्या कोणास विचारावी लागत नाही. दुसऱ्यांची चित्रे गिरविण्यास हरकत नाही, मात्र आपली म्हणून मिरवू नयेत. मुंबईतील वाचकांना भायखळ्याची राणीची बाग व छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील प्राणिविभाग जवळ आहेत. इतरांना शाळेच्या प्रयोगशाळेतील सांगाडाही पुष्कळ शिकवील.

पोटाचा प्रश्न वडीलधाऱ्यांनी काढला तर तो गैर नव्हे, आणि त्याला गोड उत्तर देणे योग्य होणार नाही. या व्यवसायात बरेचसे काम ठराविक मुदतीचे असते. एक चित्रपट किंवा खेळ पुरा झाला की दुसरे शोधावे लागते. शिवाय, शब्दांत वर्णन दिले असता क्षणात चित्र उमटविणारी यंत्रे २०२२ सालापासून सर्रास लोकांच्या हाती आली असून, नवशिक्यांना मिळणारी बारीकसारीक कामे त्यामुळे कमी होतील अशी धास्ती या क्षेत्रात आहे. ती निराधार म्हणता येणार नाही. यास्तव शालेय शिक्षण सोडून कोणी या मागे लागू नये. रीतसर शिकावयाचे तर १८५७ साली स्थापन झालेले मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय आहे, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे, तसेच पवईच्या आयआयटीतील डिझाइनचे विद्यालय आहे. यंत्राच्या चित्रातही सांधा कोठे चुकला, पंख कोठून निघाला, हे ओळखणारा डोळा लागतोच. आणि असा डोळा वर्षानुवर्षे पाहिल्यावाचून येत नाही. शिवाय हा अभ्यास केलेले मूल पुढे वैद्य, स्थापत्यविशारद वा शिक्षक झाले, तरी निरीक्षणाची ही सवय वाया जाण्यासारखी नाही.

तेव्हा वाचकहो, पुढल्या वेळी घरातील चित्रकाराने आपला राक्षस आणून दाखविला, तर ‘वा!’ म्हणून वही परत करू नये, आणि ‘हे काय भलतेच?’ असेही म्हणू नये. शेजारी बसवून घेऊन विचारावे की, बाळ, हा उभा कसा राहतो? खातो काय? ही गदा कोणी घडविली व ती धरावयाची कोठे? उत्तर आले तर ऐकावे. न आले तर मुलाला घेऊन गोठ्यात किंवा माजघरात जावे, आणि दोघांनी मिळून पाहावे.