नातवाच्या नावावर काही ठेवू नका

अमेरिकेत दिव्यांग मूल वाढवणाऱ्या मराठी आईबापांनो, आणि इकडे महाराष्ट्रात त्या मुलाच्या काळजीनं झुरणाऱ्या आजीआजोबांनो,

गेल्या वर्षी बाबांनी फोनवर मोठ्या समाधानानं सांगितलं, "कोथरूडचा फ्लॅट मृत्युपत्रात नातवाच्या नावावर केला. तुमच्या माघारी त्याला कुणी बाहेर काढायला नको." माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, ऑटिस्टिक. दात घासतानाही शेजारी कुणीतरी उभं राहावं लागतं. बाबांची माया कळत होती आणि पोटात गोळाही येत होता. तो कागद तसाच राहिला असता, तर बाबा गेल्यावर ज्या आधारावर माझा मुलगा जगतो तो आधारच तुटला असता.

त्या आधाराचं नाव एसएसआय. दिव्यांग आणि गरीब माणसाला अमेरिकेचं केंद्र सरकार दरमहा देतं तो भत्ता, २०२६ मध्ये जास्तीत जास्त ९९४ डॉलर. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत आईबापांची कमाई आणि शिल्लकही मोजतात. अठरा पूर्ण झाली की फक्त त्याची स्वतःची. म्हणून चांगल्या नोकऱ्या असलेल्या घरांतल्या मुलांनाही तेव्हा तो मिळू शकतो. पण त्याच्या नावावर २,००० डॉलरच्या वर काही असता कामा नये. राहतं घर, एक गाडी अशा थोड्या गोष्टी मोजत नाहीत. ही मर्यादा १९८९ पासून हललेली नाही. भारतातला फ्लॅट, बँकेतली ठेव, विकून पैसे होतील असं बाकी बहुतेक सगळं धरतात. आणि रक्कम थोडी म्हणून भत्त्याकडे दुर्लक्ष करू नका. बहुतेक राज्यांत एसएसआयच्या पाठोपाठ मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्य योजना, येतं. औषधं, दिवसभराचं केंद्र, घरी येणारा मदतनीस, सगळं त्यावर चालतं. खरा धक्का तिथे बसतो.

"मग ट्रस्ट केलाय ना आम्ही!" असं अनेक घरांतून ऐकते. कागद काढून वाचा. बहुतेकांचा असतो तो साधा कौटुंबिक ट्रस्ट: आमच्या पश्चात सगळं मुलांमध्ये समान वाटावं. त्या समान वाट्यातला एक हिस्सा थेट दिव्यांग मुलाच्या हातात पडतो आणि भत्ता थांबतो. "याच्या पालनपोषणाचा खर्च करावा" असं प्रेमानं घातलेलं वाक्यही घात करू शकतं. त्या वाक्याच्या बळावर मुलाला पैसे हक्कानं मागता येत असतील, तर सरकार ते त्याचेच धरतं.

हवा तो स्पेशल नीड्स ट्रस्ट. द्यायचं की नाही, किती, कशासाठी, हे पूर्णपणे विश्वस्तानं ठरवायचं. मुलाला मागण्याचा, मोडण्याचा, आपला हिस्सा विकण्याचा अधिकार नाही. कठोर वाटतं, मलाही वाटलं होतं. पण त्याचं रक्षण त्यातच आहे. विश्वस्तानं रोख रक्कम मुलाच्या हातात ठेवायची नाही. महिन्याची वीस डॉलरची सूट सोडली तर जेवढे पैसे दिले तेवढा भत्ता कापला जातो. दंतवैद्य, संगीताचा वर्ग, प्रवास, फोन यांचं बिल परस्पर भरायचं. ३० सप्टेंबर २०२४ पासून किराणा भरून दिला तरी भत्ता कमी होत नाही. घरभाडं भरलं तर अजूनही काही प्रमाणात कमी होतो.

यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसा मुलाला शिवण्याआधी ट्रस्टमध्ये गेला पाहिजे. आईबाप, आजीआजोबांच्या पैशातून आधीच केलेल्या ट्रस्टमध्ये उरलेलं नंतर दुसऱ्या भावंडांना देता येतं. मुलाला वारशानं मिळाल्यावर त्याच्याच पैशाचा ट्रस्ट करता येतो, पण तो पासष्टीच्या आत, आणि त्याच्या मृत्यूनंतर उरलेल्यातून मेडिकेडचा खर्च आधी फेडावा लागतो. "वारसा नको म्हणून लिहून देऊ" हाही मार्ग नाही. सरकार ते पैसे देऊन टाकल्यासारखं मानतं आणि ३६ महिन्यांपर्यंत भत्ता रोखू शकतं.

"सगळं दादाच्या नावावर करू, तो बघेल." दादा चांगलाच असेल. पण त्याचा घटस्फोट झाला, धंदा बुडाला, किंवा तोच आधी गेला, तर धाकट्यासाठी ठेवलेले पैसे ओळखायचे कसे? दादाला विश्वस्त करा. मालक करू नका.

आजीआजोबा, तुम्ही फ्लॅट किंवा ठेव नातवाऐवजी तुमच्या मुलाच्या अथवा मुलीच्या नावे लिहा. ते पुढे ट्रस्टची सोय करतील. मृत्युपत्रच केलं नसेल तर लगेच करा. हिंदू वारसा कायद्यानं, तुमचा मुलगा तुमच्या आधी गेला तर त्याचा हिस्सा सरळ सुनेकडे आणि नातवंडांकडे जातो, कुणाला विचारलं जात नाही. आईबापांनी आयुर्विमा आणि निवृत्तीच्या खात्यांवर कुणाचं नाव आहे ते याच आठवड्यात उघडून पाहावं. मृत्युपत्र कितीही नेटकं असलं तरी ते पैसे त्या नावाकडेच जातात. ट्रस्टचा कागद मात्र तुमच्या राज्यात हेच काम करणाऱ्या वकिलाकडूनच करून घ्या, इंटरनेटवरचा नमुना भरू नका.

बाबांनी मृत्युपत्र बदललं. त्यात फ्लॅट आता माझ्या नावे आहे, आणि माझ्या कागदांत ट्रस्टची सोय. आज रात्री जेवणं आटोपली की तुम्हीही घरी फोन लावा. तिकडे सकाळ असेल, चहा चालू असेल. मृत्युपत्रात नातवाचं नाव आहे का, एवढं विचारा.