झाडाच्या बुंध्याला मोकळी जागा हवी

सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावले ते माणसांना नि जनावरांना सावली मिळावी म्हणून; सातव्या स्तंभलेखात तशी नोंद आहे. आपल्या वस्तीत मात्र बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले जाते. मुळांना हवा-पाणी मिळत नाही, ती कमजोर होतात आणि पावसाळ्यात झाड आपल्याच पत्र्यावर कोसळते. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाने दर पाच वर्षांनी झाडे मोजायची असतात. आपल्या वस्तीतली मोजली का, हे महिला मंडळाने लेखी अर्जाने विचारावे. बुंधा मोकळा करण्याची, पावसाळ्याआधी छाटणीची मागणीही त्यातच करावी. अर्जाची पोच मात्र जरूर घ्यावी. जय भीम!