आधी पाय, मग डोकं!

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या बारा दिवस आधी माझ्या रूममेटचं मनगट मोडलं. कारण : विंडमिल. वीज तयार करणारी नव्हे, ब्रेकडान्समधली. पाठ-खांद्यावर गरगर फिरत पाय हवेत भिरकावायची. मोबाइलवर व्हिडिओ पाहून साहेबांनी टेरेसवर थेट सुरुवात केली. "होईल रे, मार!" असं ओरडणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होतो. नंतर त्याची जर्नल्सही मीच लिहिली. (सरांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.)

मग नोटीस लागली : 'टेरेसवर नाच बंद'. त्यामागची काळजी खरी आहे. पण माझ्या मते चूक नाचण्यात नव्हती, क्रमात होती.

हा नाच १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जन्मला. डीजे कूल हर्क एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड्स लावून त्यातला नुसत्या तालाचा तुकडा, म्हणजे 'ब्रेक', लांबवायचा आणि पोरं त्यावर नाचायची. आधी उभ्याने पाय चालवणं, मग खाली बसून फुटवर्क; डोक्यावर फिरणं त्यानंतर आलं. आम्ही मात्र शेवटच्या चॅप्टरपासून सुरुवात करतो. पीएलमध्ये करतो तसंच!

म्हणून या वर्षी मी कॉरिडॉरमध्ये 'सिक्स-स्टेप' शिकायला घेतली. दंड मारायला बसतो तसे तळहात जमिनीवर. एक पाय पुढून आडवा आणायचा, दुसरा त्याच्यामागे अडकवायचा, पहिला सोडवून बाजूला टाकायचा, आणि उरलेल्या तीन मोजांत मूळ जागी परत. सहा मोजांत पायांचं एक वर्तुळ पूर्ण. वाटेत येणारा हात उचलून पायाला जागा द्यायची आणि वजन चवड्यांवर ठेवायचं. वाचायला सोपं आहे ना? मी आठवडाभर चौथ्या मोजाला शहाबादी फरशीवर बसत होतो. मेसचे काका म्हणाले, "पोरा, फरशी पुसतोयस तर फडकं तरी घे!" तीन आठवड्यांनी उजवीकडून जमलं, तर डावीकडून पुन्हा श्रीगणेशा.

पण यात एक गोष्ट कळली. हातावर किती वजन टाकायचं, ते कधी काढून घ्यायचं, हे मनगटाला इथेच समजतं. ते न समजता विंडमिल मारणं म्हणजे फाउंडेशन न घालता स्लॅब टाकणं.

यात आपण प्रेक्षकही दोषी आहोत. गॅदरिंगला कोणी गरगर फिरला की शिट्ट्या, फुटवर्क केलं की "पुढे काय?" २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग होतं. तिथे परीक्षकांचे निकष पाच होते : तंत्र, हालचालींचा साठा, सफाई, संगीताची जाण आणि वेगळेपणा. 'किती गिरक्या' असा सहावा निकष नव्हता.

रेक्टर सर, टेरेस बंदच राहू दे. रात्री जेवणं उरकल्यावर मेसचा हॉल फक्त तासभर द्या. खाली चटया घालू, आधी मनगटं गरम करू, आणि पहिला महिना फुटवर्कशिवाय काही नाही, हा नियम आम्हीच पाळू. बंदीमुळे नाच थांबत नाही. तो दार लावून रूममध्ये, दोन कॉटच्या मधल्या जागेत चालतो. तिथे कोणी पडलं तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

माझा रूममेट रोज कॉरिडॉरच्या पायरीवर बसून माझे मोज म्हणतो, "एक, दोन, तीन..." मनगट भरून आलंय, पण तळहात जमिनीवर टेकवायला अजून घाबरतो. त्याला पुन्हा खाली उतरवायचंय. या वेळी पहिल्या मोजापासून.

आणि हो, हॉलची फरशी आम्हीच पुसू. काका, फडकं तयार ठेवा!