पगार वाढला, औषध बंद

पिंपरी ते चाकण पट्ट्यातल्या कारखान्यात वेतनकरार झाला की गेटवर पेढे वाटतात, गुलाल उधळतात. त्याच करारामुळे काहींचे ईएसआयचे कार्ड निकामी होते, ही बाब गुलालात झाकून जाते. ओव्हरटाइम वगळून महिन्याचे वेतन २१ हजारांच्या पुढे गेले की चालू सहामाही संपताच कामगार कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेबाहेर पडतो. ही मर्यादा जानेवारी २०१७ ची. तेव्हापासून भोसरीतले खोलीभाडे कुठल्या कुठे गेले.

योजनेत असताना कामगाराचा पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या बायको-मुलांना औषधे मिळतात; रांगेत अर्धा दिवस जातो, पण मिळतात. बाहेर पडल्यावर हाती येते कंपनीचे मेडिक्लेम कार्ड. ते सहसा बायपासला चालते, रक्तदाबाच्या रोजच्या गोळीला चालत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा भरही शस्त्रक्रिया आणि दाखल रुग्णांवरच. मधुमेहाची गोळी परवडेना म्हणून दिवसाआड घेणाऱ्याला सरकार भेटते ते मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिस लागल्यावर! माणुसकी बाजूला ठेवा, हिशेबानेसुद्धा हा मूर्खपणा आहे.

यावर किंमत नियंत्रणाकडे बोट दाखवले जाते. पण २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार कमाल किंमत उत्पादनखर्चावरून ठरत नाही. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी धरली जाते. किंमत नियंत्रणाच्या यादीबाहेरच्या औषधांना वर्षाला दहा टक्के वाढ खुली. डॉक्टरांनी ब्रँडऐवजी मूळ (जेनेरिक) नावानेच औषध लिहावे, हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा २०२३ चा नियम तर महिनाभरही टिकला नाही.

आणि हे घडते आहे पिंपरीच्या परिसरात. केंद्र सरकारने १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स इथेच उभारली. पुढच्या वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागले. डिसेंबर २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने याच ‘एचए’ची जमीन विकून देणी फेडायचे ठरवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंझिल पेनिसिलिनच्या इंजेक्शनची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवली गेली, कारण जुन्या दरात उत्पादन परवडत नाही, असे उत्पादकांचे म्हणणे होते. खासगी उत्पादकाला परवडत नाही ते बनवायलाच तर सरकारी कारखाना असतो.

ईएसआयची वेतनमर्यादा वाढवावीच. पण नवी मर्यादाही दोन करारांत ओलांडली जाईल. म्हणून पगार वाढला तरी वर्गणी भरून योजनेत राहण्याची मुभा हवी. स्टायपेंडवर राबणाऱ्या अनेक ट्रेनींना तर ईएसआयचे कार्ड मिळतच नाही, त्यांचाही विचार व्हावा. राजस्थानने २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधे सुरू केली. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले आहेत. मग चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्याच्या गोळ्या एकदम आणि पाळी सुटल्यावरही मिळायला हव्यात. राहिल्या युनियन. कँटीन, बस आणि बोनससाठी त्या रात्र-रात्र टेबलावर बसतात. पुढच्या मागणीपत्रात बाह्यरुग्ण औषधांचा खर्च मेडिक्लेममध्ये घेण्याचे कलम त्यांनीच घालावे. मालक ते आपणहून देणार नाहीत.